माथेरानच्या वाटेवरचा रानमेवा

रायगड जिल्ह्यात नेरळ नावाचं एक स्टेशन आहे. इथूनच १९०७ साली सुरू झालेली झुकझुकगाडी वळणं घेत घेत माथेरानचा डोंगर चढते. अंतर सुमारे २१ किलोमीटर. पण मे महिन्यात या वाटेवर गाडीइतक्याच बघण्यासारख्या असतात त्या टोपल्या! ठाकर, कातकरी बायका रानात हिंडून काळीभोर करवंदं गोळा करतात. महिना सरत आला की टपोरी जांभळंही येतात.

करवंद हातात आलं की ठरलेला खेळ, 'कोंबडा की कोंबडी?' चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. जांभळं खाल्ल्यावर तर जीभ दाखवायची चढाओढच!

ही जीभ रंगते कशानं? अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यानं. या रंगाला भुलून पाखरं फळं खातात आणि बिया दूरवर पोचवतात. याच रंगद्रव्याचा आणखी एक गुण आहे. सफरचंद चिरून ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी पडतं ना? त्याला लिंबू चोळून बघा, फोड बराच वेळ पांढरी राहते. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व ऑक्सिजनचा हा उद्योग रोखून धरतं. अशा पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. अँथोसायनिन त्यांच्यातलंच एक. आवळ्यात तर 'क' जीवनसत्त्व भरपूर असतं.

म्हणजे करवंदं खाल्ली की सगळे आजार पळाले का? छे! प्रयोगशाळेत दिसलेला गुण म्हणजे औषध नव्हे. पण रोजच्या जेवणाबरोबर निरनिराळी, रंगीत फळं असणं चांगलंच. मात्र ओळख नसलेलं रानफळ कधीही तोंडात टाकू नका. आधी जाणत्या माणसाला विचारा.

आता थोडी काळजीची गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर वणवे पेटतात. नेमकी तेव्हाच करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या असतात. फुलं जळाली की करवंदं कुठली? पाखरांचा खाऊ जातो आणि टोपलीवाल्या मावशींची उन्हाळ्यातली कमाईही बुडते.

तेव्हा डोंगरात गेलात तर विस्तव पेटवू नका, फांद्या ओरबाडू नका. पिकलेलं तेवढंच तोडा, थोडं पाखरांना ठेवा. आणि मावशींकडून करवंदं घेताना घासाघीस मुळीच करू नका. काट्यांत हात घालून ती त्यांनी वेचलेली असतात!