मोर्णेचे ऋण

“तुमचे गाव कोणते?” असे कोणी विचारले की आम्ही उभयता क्षणभर एकमेकांकडे पाहतो. वसईस गेलो तर तेथील आप्त आम्हांला ‘वऱ्हाडातले’ म्हणतात. अकोल्यातील शेजारी इतक्या वर्षांनंतरही ‘वसईचे’ म्हणून आमची ओळख करून देतात. बाबा १९६४ साली रेल्वेच्या नोकरीनिमित्त अकोल्यास आले, येथेच निवृत्त झाले आणि येथल्याच मातीत चिरनिद्रा घेत आहेत. तरीही हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत आलो. २०२१ च्या जुलैमध्ये मोर्णा नदीला पूर आला, आमच्या घरात छातीएवढे पाणी शिरले, आणि वसईहून धाकट्या काकांचा निरोप आला, “घर विका आणि आपल्या माणसांत या.” आता उत्तर देणे भाग होते.

ते शोधताना आम्ही प्रथम ह्या शहराकडेच नव्याने पाहिले. मोर्णा ही काही मोठी नदी नव्हे. दक्षिणेकडील डोंगरांतून ती उतरते, पातूरवरून अकोल्यास येते आणि उत्तरेस जाऊन पूर्णेला मिळते. पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तरी पाणी खारट लागते. अशा मुलखात गोड्या पाण्याच्या लहानशा प्रवाहाचेही मोल मोठे. मोर्णेच्या पश्चिम काठी जुने शहर वसले. औरंगजेबाच्या काळात असदखानाच्या नावाने असदगड उभा राहिला. पूर्व काठी ताजनापेठ वाढली आणि इंग्रजी अमदानीत कचेऱ्या व बंगलेही तिकडेच झाले.

ह्या गावाचे नशीब पालटले ते कापसाने, आणि त्याला निमित्त झाले दूर अमेरिकेतील नद्यांचे. मिसिसिपीच्या काठी नॅचेझ नावाचे एक लहानसे शहर आहे. १८३७ साली तेथे कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला होता. त्याच शहरात गुलामांचा मोठा बाजारही भरत असे. गुलामांनी पिकवलेल्या कापसावर ते गबर झाले होते. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधील गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. वऱ्हाड १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले होते. युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे चढे भाव उतरले. पण लोहमार्गाचे काम थांबले नाही. १८६७ साली तो वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. १८७० साली खामगावला खास कापसासाठी फाटा गेला. अकोल्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, कापसाच्या बंड्यांची रीघ लागली. एका नदीकाठच्या माणसांच्या यातनांतून दुसऱ्या नदीकाठची बाजारपेठ उभी राहावी, हा इतिहास आम्हांला कोणी शाळेत शिकवला नाही. मात्र तो कळल्यापासून गाठी वाहणारा ट्रक दिसला की मन थोडे नमते.

कापसामागून माणसे आली. मारवाडी आले, गुजराती व कच्छी आले, आणि रेल्वेबरोबर बाबांसारखे पश्चिम किनाऱ्यावरचे लोकही आले. १९५५ साली नागपूर महाधर्मप्रांतातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला आणि महागुरू जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले धर्माधिकारी झाले. अकोला त्याच धर्मप्रांतात येते. आमच्या धर्मग्रामात मिस्सा मराठीत होते, पण ती संपल्यावर आवारात कोकणी, तामिळ, मल्याळम आणि अस्सल वऱ्हाडी अशा सर्व बोली ऐकू येतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात, तेव्हा आई दारात माठ भरून ठेवते. “चालत आलेल्या माणसाला तहान लागतेच,” एवढेच ती म्हणते.

शहराची तहान आता काटेपूर्णेचे धरण भागवते. त्यामुळे मोर्णेची गरज उरली नाही, आणि गरज संपली की जिव्हाळाही आटतो. नदी जलकुंभीने भरली. तिचा वास येऊ लागला तेव्हा आम्हीही नाकाला रुमाल लावून ‘लोकांना’ दोष देत राहिलो. २०१८ च्या जानेवारीत नदी स्वच्छ करण्यासाठी हजारो अकोलेकर काठावर उतरले. धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्हीही गेलो. जलकुंभी ओढताना समोरच्या काठावरून एक काळी धार नदीत पडताना दिसली. ती कोठून येते हे पाहण्यासाठी आम्ही मान वर केली. ती आमच्याच गल्लीची नाली होती. आमच्या मोरीचे पाणीही तीतच होते. त्या दिवशी कोणाशी फारसे न बोलता आम्ही घरी परतलो. लाज वाटली, हे खरे. पण त्यापुढे आम्ही काहीच केले नाही, हेही तितकेच खरे.

साडेतीन वर्षांनी नदीच आमच्या घरी आली. रात्रभर कोसळणाऱ्या पावसात पहाटे पाणी ओट्यावर चढले. आई एकोणऐंशी वर्षांची. तिला उचलून नेणे आम्हां दोघांच्याने होईना. तेवढ्यात शेजारचा तरुण कंबरभर पाण्यातून आत आला. “माय, भेऊ नोको; बस माह्या पाठीवर,” असे म्हणून त्याने आईला उचलले आणि उंचावरच्या एका घरात नेऊन ठेवले. त्या घरातील माणसांना आम्ही तोवर केवळ तोंडओळखीने जाणत होतो. तेथे आम्ही चार दिवस राहिलो. आईसाठी त्यांनी भाकरी दुधात कुस्करून दिली. आमची जात, आमचा धर्म, आमचे मूळ गाव, ह्यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही.

काकांना आम्ही पत्राने कळवले की आम्ही येत नाही. ‘आपली माणसे’ तिकडे आहेत, तशी इकडेही आहेत, असे त्यात लिहिले. दुसरे कारण मात्र लिहिण्याचे धैर्य झाले नाही. ज्या नदीला आम्ही इतकी वर्षे आमची घाण दिली, तिला तशीच टाकून जाणे आमच्या मनाला पटत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परसात शोषखड्डा खणला. अकोल्याची काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागले. आमचे पाहून गल्लीतील आणखी दोन घरांनी तसेच खड्डे घेतले. बाकीच्या घरांचे पाणी अद्याप नालीतच जाते आणि नाली नदीत. दरवर्षी पाऊस लागला की आम्ही आईचे अंथरूण माळ्यावर हलवतो आणि रात्री दोनदा उठून पाणी पाहतो. गाव कोणते, असे कोणी विचारले तर आता आम्ही एकमेकांकडे पाहत नाही. ‘अकोला’ म्हणून सांगतो.