भाकरीसाठी आलेले

आमचं घर ख्रिस्ती कसं झालं, असं कुणी विचारलं की मी खोटं सांगायचो. "पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, बायबल वाचलं, पुष्कळ विचार केला आणि बाप्तिस्मा घेतला," हे माझं ठरलेलं उत्तर. इतकं घोटलेलं की सांगताना जीभ अडखळत नसे. खरी हकिकत दोन ओळींची आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक लहान मुलगी मिशनच्या अनाथगृहात आली. आईबाप मेले होते आणि पोट खपाटीला गेलं होतं. तिथं तिला खायला मिळालं, ती जगली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. ती माझी पणजी. वाचन नाही, विचार नाही, धर्मचर्चा नाही. तिला भूक लागली होती आणि तिला भाकरी मिळाली.

पणजीला मी पाहिलं आहे. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा ती थकली होती, पण बोलायला खणखणीत. ती काहीच लपवत नसे. कुणी विचारलं की म्हणायची, "भाकर भेटली म्हनून आले, बाळा. द्येनारा कोन, ते मागून कळलं." घरातले मोठे हसायचे. मीही हसायचो. पुढं कॉलेजात गेल्यावर हेच वाक्य मला नकोसं झालं.

कॉलेजात एकानं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुम्ही पण पोटासाठीच बाटलेले ना?" त्यानं ते रागानं विचारलं नव्हतं, सहज विचारलं होतं. म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पणजीच्या जागी वाचन करणारे, विचार करणारे पणजोबा उभे केले, आणि पुढची चाळीसेक वर्षं ते तिथून हलले नाहीत.

त्या टपरीवरच्या मुलाला मी फार वर्षं दोष दिला. पण तो जे बोलला ते मलाही पटलेलं होतं, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हतो. खरा विश्वास म्हणजे किंमत मोजून आलेला विश्वास, अशी माझी पक्की समजूत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक माझे आदर्श. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई दुरावल्या, आणि त्या पुढं १९०० साली स्वतःच्या निर्णयानं ख्रिस्ती झाल्या. पंडिता रमाबाई माझ्या दुसऱ्या आदर्श. संस्कृतच्या पंडित, १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा, पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. ही माणसं मिळवायला नव्हे, गमवायला आली होती. त्यांच्याकडं बोट दाखवून मी म्हणायचो, ख्रिस्ती असे असतात. आणि मनातल्या मनात पुढं जोडायचो, पणजीसारखे नसतात.

आमच्या नगरच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. चर्चच्या मंडळ्या जुन्या, घराणी जुनी. उघडपणे कुणी बोलत नाही, पण कोण कधी आलं, कुठल्या वस्तीतून आलं, दुष्काळाआधी आलं की दुष्काळात, याचा हिशेब लोकांच्या डोक्यात असतो. प्रभुभोजनाला सगळे एकत्र बसतात. सोयरीक जुळवताना तो हिशेब बाहेर येतो. मी या हिशेबाविरुद्ध मंडळीत भाषणं केली आहेत. चांगली भाषणं केली आहेत. आणि घरी येऊन पणजीला पुन्हा झाकून ठेवलं आहे.

माझ्या बाजूनं शास्त्राचा आधारही होता. योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकरी वाटल्यावर दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत येतात, तेव्हा तो त्यांना सुनावतो, की तुम्ही माझ्यामागं आलात ते पोटभर खायला मिळालं म्हणून. हा भाग मी अनेकदा वाचून दाखवला. वाचताना मला वाटायचं, तो माझ्याच बाजूनं बोलतो आहे.

माझ्या प्रार्थनाही याच मापाच्या होत्या. मी काही मागत नसे. उपकार मानायचे, देवाची इच्छा असेल तसं होऊ दे म्हणायचं आणि आमेन. आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेत विनंत्या यायच्या: मुलाला नोकरी लागू दे, सून अवघडलेली आहे, बोअरला पाणी लागू दे, सोसायटीचं कर्ज फिटू दे. मंडळीचा पंच म्हणून कधी तिथं बसावं लागलं की मी डोळे मिटून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, या अजून भाकरीतच आहेत. मला वाटायचं, माझी प्रार्थना पुढच्या इयत्तेतली आहे.

आज कळतं की ती प्रार्थना नव्हतीच. मी मागत नव्हतो, कारण मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही भीती होती. देवाला नकार द्यायची संधीच द्यायची नाही, अशी माझी व्यवस्था होती. तिला मी समर्पण म्हणत होतो. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी माणूस जितक्या अदबीनं बोलतो, तितक्या अदबीनं मी देवाशी बोलत होतो.

एप्रिल २०२१ मध्ये मला करोना झाला. दुसरी लाट होती, ऑक्सिजनसाठी लोक गावोगाव फिरत होते. मला खाट मिळाली. हाय फ्लो लावला, पालथं झोपायला सांगितलं. वॉर्डात नातेवाइकांना येऊ देत नव्हते. एका संध्याकाळी सिस्टर आणि वॉर्डबॉय दाराशी हळू आवाजात बोलत होते, तरी ऐकू आलं: ऑक्सिजन रात्रीपुरता आहे, टँकर निघालाय म्हणतात.

रात्रीपुरता.

त्या रात्रीबद्दल मला जपून लिहिलं पाहिजे, कारण अशा प्रसंगांना मागाहून उजेड चिकटवायची खोड असते. उजेड वगैरे काही नव्हता. छातीत हवा पुरत नव्हती आणि मी घाबरलो होतो. प्रार्थना करायला गेलो. माझी नेहमीची वाक्यं, उपकारांची, इच्छेची, पुढं येईनात. एवढं लांब वाक्य बोलायला लागणारा श्वासच नव्हता. मनातल्या मनात बोलायलाही श्वास लागतो, हे मला तेव्हा समजलं. उरले ते दोनच शब्द. श्वास दे. मग काही वेळानं पुन्हा तेच. त्यात देवाचा महिमा नव्हता, मंडळी नव्हती, बायकोमुलंही नव्हती. फक्त माझं शरीर होतं, आणि त्याला हवं ते ते मागत होतं. चाळीस वर्षं ज्या बायकांच्या विनंत्यांना मी खालच्या इयत्तेत बसवलं, त्यांच्याही विनंतीत निदान दुसऱ्या कुणाचं नाव असायचं.

पहाटे कधीतरी पणजी आठवली. स्वप्नात आली नाही, नुसती आठवली. ती आठ-नऊ वर्षांची असताना अनाथगृहाच्या दाराशी आली असेल तेव्हा तिनं काय मागितलं असेल? एक शब्द मागितला असेल. आणि मी इथं पडून दोन मागत होतो. ती पोटासाठी आली आणि मी फुप्फुसांसाठी. तिच्या विश्वासाला मी ज्या कारणानं खोटं ठरवलं, त्याच कारणानं मी त्या रात्री आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना केली होती. मला फार शरम वाटली. आणि शरमेच्या मागोमाग एक सैलपणा आला, तो मला अजून नीट सांगता येत नाही. देवासमोर काहीतरी बनून उभं राहायचं ओझं गेलं होतं. हात रिकामेच होते, आणि रिकामे आहेत म्हणून कुणी परत पाठवत नव्हतं. कृपेवर मी किती बोललो होतो! कृपा घ्यायला आधी आपल्याकडं काही नाही हे मान्य करावं लागतं, ही साधी गोष्ट मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

टँकर आला. मी जगलो. शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडचा एक माणूस होता, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्याची बायको फोनवर रोज त्याला सांगायची, "देवाला साकडं घातलंय, तुम्ही घाबरू नका." तो तीन खाटांवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हो म्हणायचा. टँकर आल्यानंतरच्या दुपारी तो गेला.

म्हणून घरी आल्यावर मंडळीत साक्ष द्यायचा आग्रह झाला तेव्हा मी टाळत राहिलो. सगळ्यांना ऐकायचं होतं की मी प्रार्थना केली आणि देवानं मला वाचवलं. तसं म्हणालो असतो तर त्या बाईनं घातलेल्या साकड्याचं काय झालं, हेही मला सांगावं लागलं असतं. मला ते सांगता येत नाही. एवढंच दिसतं, की गेथशेमाने बागेत येशूनंही मागितलं होतं. हा प्याला टळू दे, असं स्पष्ट मागितलं होतं, देवाची इच्छा पुढं ठेवण्याआधी. मी नेहमी दुसऱ्या भागावर बोलायचो, पहिला भाग सोडून द्यायचो. त्याला मागितलेलं मिळालं नाही. तरी मागायला तो लाजला नाही आणि नकारानंतर बापाला बाप म्हणायचं सोडलं नाही. भरवसा म्हणतात तो हाच असेल, तर तो मिळालेल्या उत्तरांच्या बेरजेतून येत नाही.

बरं वाटू लागल्यावर मी रमाबाई पुन्हा वाचल्या. या वेळी मी गाळलेला भाग वाचला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. हातपाय हलवून मजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायला मन धजत नाही, असं ते पंडिताचं घर होतं. या रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या, आणि पुढं केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडोंना आसरा मिळाला. भूक कशी असते ते त्यांना ठाऊक होतं. का आलात, असं त्यांनी दाराशी विचारलं नाही. १९०५ साली मुक्तीतल्या त्याच मुली तासन्‌तास, मोठमोठ्यानं, रडत, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. या प्रकरणाचा मला नेहमी संकोच वाटायचा. माझ्या विदुषी रमाबाईंच्या चित्रात तो गलका बसत नसे. आणखी एक गोष्ट मी वाचून न वाचल्यासारखी केली होती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंना उमगलं, की आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. तो भेटला तेव्हा जसे आहोत तसे त्याच्याकडं जायचं आहे हे कळलं. म्हणजे किंमत मोजून आलेल्यांचा माझा सगळ्यात मोठा दाखलाच सांगत होता, की मोजलेल्या किमतीनं काही मिळत नाही.

योहानाचा सहावा अध्यायही मी पुन्हा वाचला. आधी भाकरी वाटली जाते. कुणाला कशासाठी आलास विचारलेलं नाही. सगळे जेवल्यावर, दुसऱ्या दिवशी, तो प्रश्न येतो. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकरी आहे, तीही आजच्यापुरती, आणि ती क्षमेच्या आधी मागितलेली आहे. रोज म्हणत होतो आणि रोज तिथून घाईनं पुढं जात होतो.

शेवटी साक्ष दिली. मी बरा कसा झालो हे सांगितलं नाही. पणजी कशी आली ते सांगितलं, तिच्याच भाषेत सांगितलं, आणि तिच्या जागी मी कुणाला उभं केलं होतं तेही सांगितलं. उपासनेनंतर एका म्हाताऱ्या बाईनं हात धरला आणि म्हणाली, "आमची आजी पन तशीच आली व्हती." मग आणखी एकानं सांगितलं. किती घरांत किती पणज्या झाकून ठेवल्या होत्या!

मी आता मागतो. गुडघा दुखतो, नातवाची परीक्षा आहे, पाऊस लांबला आहे, सगळं मागतो. काही मिळतं, काही नाही. पण मी सुधारलो असं मला म्हणवत नाही. परवाच मंडळीतर्फे धान्य वाटताना, उपासनेला कधी न दिसणारा एक जण रांगेत उभा होता. याला आजच बरी मंडळी आठवली, हा विचार माझ्या मनात इतक्या चटकन आला की मीच चपापलो. मी त्याची पिशवी भरली. तो "सलाम" म्हणाला, मीही म्हणालो. तो पुढच्या रविवारी आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि नेमकं हेच बरं वाटणं माझ्यातून अजून जायचं आहे.