आतली कडी

परवा एक वृद्धाश्रम पाहून आले. स्वच्छ, हवेशीर, पण खोलीला आतून कडीच नाही! "आजी, पडलात तर आम्ही आत कशा येणार?" तिथली मुलगी म्हणाली. तिचंही खरंच.

अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल'मधल्या (२०१४) केरेन विल्सन आठवल्या. पक्षाघातामुळे नर्सिंग होममध्ये अडकलेल्या आईला हवं होतं स्वतःचं छोटं घर, स्वयंपाकघर, मांजर. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला विल्सनबाईंनी 'पार्क प्लेस' उघडलं. ११२ घरं, दाराला कुलूप, किल्ली राहणाऱ्याकडे. 'रुग्ण' नाही म्हणायचं, भाडेकरू. आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय, हे सेवकांनी ओळखून वागायचं.

मी जन्मभर "आत येऊ का बाई?" ऐकलेली.

"निदान दार वाजवशील ना गं?"

"वाजवीन की. पण आजी, रात्री चौदा खोल्यांना मी एकटीच असते."