चिकाची परीक्षा

"झाडपाल्याचें औषध, गुण आला तर आला, अपाय तर होणार नाहीं," हें वाक्य आमच्या लोकांत इतकें रुळलें आहे कीं, त्याची पारख करावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एका क्षुद्र तणाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तीवरून ह्या वाक्याची किंमत ज्याची त्यानें ठरवावी.

ह्या तणाचें शास्त्रीय नांव युफोर्बिया पेप्लस. मूळचें तें युरोपकडचें. पुढें ऑस्ट्रेलियांत जाऊन बागाबागांतून माजलें. रोप मोडलें कीं पांढरा चीक गळतो. ऑस्ट्रेलियांत ऊन प्रखर व वस्ती बहुतांशीं गोऱ्या कातडीची. त्यामुळें त्वचेचा कर्करोग तेथें फार. अंगावर उठलेल्या चट्ट्यांवर हा चीक लावण्याची चाल तेथील लोकांत होती. शास्त्रज्ञांनीं ही समजूत हंसण्यावारी नेली नाहीं, हें आम्हांस मोठें वाटतें. ३६ रोग्यांच्या ४८ दूषित जागांवर तीन दिवस रोज चीक लावून पाहण्यांत आलें, व त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्वचेच्या तळच्या पेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या शेंकडा ८२ जागा महिन्याअखेर स्वच्छ दिसल्या. परंतु सरासरी पंधरा महिन्यांनीं पाहतां शेंकडा ५७ च तशा उरल्या होत्या.

दरम्यान चिकांतील गुणकारी द्रव्य वेगळें काढून त्याचें मलम तयार झालें. उन्हानें उठणाऱ्या ज्या खरखरीत चट्ट्यांतून कधीं कधीं कर्करोग उद्भवतो, त्यांवर दोन-तीन दिवस लावण्यास २०१२ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. लोकांस वाटलें, आजीबाईचा बटवा जिंकला! तथापि परीक्षा तेथें थांबली नाहीं. ४८४ रोग्यांवर तीन वर्षें नजर ठेवली असतां हें मलम लावलेल्यांपैकीं शेंकडा ३.३ जणांस त्वचेचा कर्करोग झाल्याचें आढळलें; तुलनेचें दुसरें मलम लावणाऱ्यांत तेंच प्रमाण शेंकडा ०.४ होतें. २०२० सालीं युरोपांत त्याची मान्यता संपुष्टांत आली.

हें दूरदेशचें तण आमच्या शेराचें व थोराचें सगोत्र आहे. आमच्या गांवाकडे कुंपणास शेर लावितात. त्याचा चीक डोळ्यांत जाऊं नये म्हणून वडील माणसें मुलांस जपावयास सांगतात, आणि तोच चीक चामखिळीवर लावितात. आमच्या आप्तांपैकीं एका वृद्ध बाईंच्या टाचेवर काळा डाग पसरूं लागला, तेव्हां त्यांनीं वर्षभर हाच उपाय केला. वरची कातडी निघे, नवी येई, आणि घरांत सर्वांस समाधान वाटे. पुढें जांघेंत गाठ आली व त्यांस इस्पितळांत नेलें, तेव्हां डाग मेलॅनोमा नांवाच्या कर्करोगाचा असून तो आंत पसरल्याचें कळलें. त्या पावसाळ्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहींत. सांवळ्या लोकांत हा रोग तळहात व तळपाय येथें विशेष आढळतो, हें त्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

ह्यावरून वनस्पतींस नांवें ठेवावीं असें आम्ही म्हणत नाहीं. अंगणांतल्या सदाफुलीपासून काढलेलीं व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन हीं औषधें रक्ताच्या व इतर कर्करोगांवर आजही देतात. पण तीं शुद्ध करून, मात्रा मोजून, शिरेवाटे व रक्त तपासीत देतात. पानांचा काढा त्यांची जागा घेऊं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कातडी भरून आली म्हणजे रोग गेला असें नव्हे. घरांतील कोणाचा तीळ वा डाग वाढूं लागला, रंग बदलूं लागला किंवा त्यांतून रक्त येऊं लागलें, तर चीक, चुना, बिब्बा कांहींएक न लावितां त्यांस डॉक्टरांकडे न्यावें. त्या जागेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून आंत काय आहे तें कळत नाहीं. घरांत वाचतां येणारे तुम्हीच असाल, तर हें सांगण्याचें कामही तुमचेंच आहे.