लँथॅनमचा हिशेब

बेरियम टायटॅनेटची शुभ्र पूड साच्यात दाबून तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली म्हणजे जी वडी हाती येते, ती वीज वाहून नेण्याच्या कामी सर्वस्वी निरुपयोगी असते. तिची रोधकता अब्जावधी ओहम-सेंटिमीटर भरते, आणि धारित्राच्या दोन पत्र्यांमध्ये बसण्याची जी सनद तिला जगभर मिळालेली आहे, ती या निरोधक वृत्तीमुळे व तिच्या असामान्य डायइलेक्ट्रिक स्थिरांकामुळेच. त्याच पुडीत दर हजार बेरियम अणूंमागे दोन किंवा तीन अणू लँथॅनमचे घालून वडी भाजावी, तर ती गडद निळी होऊन बाहेर येते आणि तिची रोधकता शंभर ओहम-सेंटिमीटरच्याही खाली उतरलेली आढळते. इतक्या अल्प अंशाने इतके मोठे परिवर्तन व्हावे, याचा विस्मय या कामात आयुष्य घालवूनही माझ्या मनातून ओसरलेला नाही. मीटर जोडण्यापूर्वी वडी उजेडात नेऊन तिचा रंग पाहण्याची सवय तर आता स्वभावातच मुरली आहे. निळी वडी बहुधा वाहक निघते, फिकट पिवळसर वडी बहुधा निरोधक.

ज्या स्फटिकरचनेत हा व्यवहार घडतो तिचे मूळ उरल पर्वतातल्या एका खनिजात आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझ याने १८३९ साली कॅल्शियम टायटॅनेटच्या या खनिजाचे वर्णन केले आणि रशियाच्या लेव्ह पेरोव्हस्कीच्या सन्मानार्थ त्याला पेरोव्हस्काइट हे नाव दिले. घनाच्या आठ कोपऱ्यांत मोठा धन आयन, मध्यभागी लहान धन आयन, आणि सहा पृष्ठांच्या मध्यांवर ऑक्सिजन, असा तो आराखडा. इतक्या साध्या आराखड्यात निसर्गाने अदलाबदलीची इतकी मुभा ठेवली आहे की, आवर्तसारणीतील बहुतेक धातूंना येथे कोठे ना कोठे जागा मिळते. कोपऱ्यातल्या बेरियमच्या आयनाची त्रिज्या १६१ पिकोमीटर, लँथॅनमची १३६. म्हणून लँथॅनम कोपऱ्यात जातो. लँथॅनमसारख्याच अल्पांशाने घालता येणाऱ्या नायोबियमची ६४, मधल्या टायटॅनियमची ६०.५, म्हणून नायोबियम मध्यभागी बसतो. त्रिज्यांच्या गुणोत्तरावरून ही रचना टिकेल की नाही हे ताडण्याचा जो नियम गोल्डश्मिटने १९२६ साली सांगितला, तो भट्टी पेटवण्यापूर्वी मी आजही कागदावर मांडून पाहतो.

परंतु जागा मिळाली म्हणजे प्रकरण निकालात निघाले असे नाही. बेरियमवर दोन धन प्रभार असतात, लँथॅनमवर तीन. प्रत्येक बदलीमागे एक धन प्रभार शिलकीत पडतो, आणि स्फटिकाच्या दफ्तरी अशी शिल्लक क्षणभरही चालत नाही, जमाखर्चाचा मेळ त्याच वेळी बसलाच पाहिजे. हा मेळ दोन रीतींनी बसू शकतो. पहिल्या रीतीत एक इलेक्ट्रॉन जमेस येतो आणि टायटॅनियमच्या आयनांपाशी इतका सैल राहतो की, विद्युत्‌दाब लावताच तो एका आयनावरून दुसऱ्याकडे सरकू लागतो. वडी वाहक होते ती त्याच्यामुळे. दुसऱ्या रीतीत चार लँथॅनममागे टायटॅनियमची एक जागा रिकामी सुटते. हिशेब तितकाच बिनचूक मिटतो, मात्र वीज वाहून नेण्यास कोणी उरत नाही. तेव्हा लँथॅनम किती घातले एवढ्यावर वडीचा स्वभाव ठरत नाही. त्याच्या जादा प्रभाराची भरपाई कोणी केली यावर तो ठरतो, आणि हे मला या विषयातील सर्वांत मूलभूत सत्य वाटते.

पुष्कळ पाठ्यपुस्तकांत पहिली रीत हीच जणू लँथॅनमची सहजप्रवृत्ती म्हणून दिलेली असते. विसावे शतक संपता संपता अँथनी वेस्ट, डेरेक सिंक्लेअर आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्यावर जो आक्षेप घेतला तो मला ग्राह्य वाटतो. त्यांचे प्रतिपादन असे की, पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर लँथॅनम रिक्त जागांच्याच मार्गाने मेळ घालतो, आणि वाहक इलेक्ट्रॉन येतात ते भट्टीच्या उच्च तापमानात स्फटिकातून जो थोडासा ऑक्सिजन निघून जातो त्याच्या मागे राहून. एकाच पुडीच्या दोन वड्या घेऊन एक भट्टीतून तप्त असतानाच बाहेर काढावी आणि दुसरी हवेत सावकाश उतरू द्यावी. घटकांचे प्रमाण दोहोंत तंतोतंत एक असूनही त्यांचे रोध एकमेकांशी जुळत नाहीत. सावकाश थंड होणारी वडी गमावलेला ऑक्सिजन परत घेत असते, आणि वडी ज्या सूक्ष्म स्फटिककणांची बनलेली असते, त्यांच्या सीमांवर तो सर्वांत आधी घेते.

म्हणूनच थोड्याने वाहकता आली तर अधिकाने अधिक येईल, हा जो स्वाभाविक तर्क, तो येथे टिकत नाही. लँथॅनमचे प्रमाण शेकडा अर्ध्या अंशाच्या आसपास पोचले की हवेत भाजलेल्या वडीचा रोध पुन्हा चढू लागतो, कण बारीक राहतात आणि वडी फिकट पडते. बारीक कण म्हणजे अधिक सीमा, आणि अधिक सीमा म्हणजे ऑक्सिजनला आत शिरण्यास अधिक वाटा. या दोन गोष्टी एकमेकींना बळ देतात.

कणसीमेचा हा अंमल किती प्रबळ असतो याचा दाखला १९५५ साली फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी जगापुढे ठेवला. डोपिंग केलेले, म्हणजे लँथॅनमसारखे परके अणू अल्पांशाने घातलेले बेरियम टायटॅनेट तापवत नेले असता १२० अंशांच्या सुमारास, म्हणजे क्युरी तापमानापाशी, त्याचा रोध थोड्याच अंशांच्या अंतरात हजारपट, कधी त्याहूनही कितीतरी पट उसळी घेतो. हायवांगने १९६१ साली याची जी उपपत्ती दिली तिचे सौंदर्य मला नेहमीच मोहवत आले आहे. कणसीमेवर इलेक्ट्रॉन अडकून पडतात, त्यांच्या प्रभारामुळे सीमेलगतचा थर इलेक्ट्रॉनविरहित होतो आणि पुढच्या इलेक्ट्रॉनांपुढे ऊर्जेचा बांध उभा राहतो. या बांधाची उंची डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. क्युरी तापमानाखाली हा स्थिरांक मोठा असतो, शिवाय स्फटिकाचे स्वयंस्फूर्त ध्रुवण सीमेवरचा प्रभार बऱ्याच अंशी निष्प्रभ करते, म्हणून बांध ठेंगणा राहतो. त्या तापमानाच्या वर ध्रुवण नाहीसे होते, स्थिरांक झपाट्याने घसरतो आणि बांध उंचावतो. जुन्या रंगीत दूरदर्शन संचांच्या पडद्यामागे, शीतकपाटाच्या मोटरीला आरंभीचा जोर देणाऱ्या लहानशा चकतीत आणि डास पळवणाऱ्या तापकात हीच उसळी राबवली गेली. बेरियमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम घातले तर उसळीचे तापमान खाली येते, शिसे घातले तर वर जाते. या एका सोयीवर एक अवघा उद्योग उभा आहे.

आता या हिशेबात नॅनोकणांना आणावे. सायट्रिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांच्या राळेत धातूंचे आयन बांधून ती राळ जाळण्याची जी पद्धत पेचिनीच्या १९६७ च्या एकस्वाने रूढ केली, तिने सहाशे-सातशे अंशांतच काही दशक नॅनोमीटरांचे कण मिळतात, आणि लँथॅनम अणूच्या पातळीवर मिसळते; दळून केलेल्या मिश्रणाला ही समरसता साधत नाही. राळ घाईने जाळली तर बेरियम कार्बोनेटचा अवशेष मागे राहतो, यासाठी या टप्प्यावर हात आवरून धरावा लागतो.

दहा नॅनोमीटर बाजूचा एक घनाकार कण कल्पावा. स्फटिकाची एक कोष्ठिका सुमारे ०.४ नॅनोमीटरची, म्हणजे प्रत्येक बाजूला पंचवीस आणि कणात एकंदर १५,६२५ कोष्ठिका. त्यांपैकी ३,४५८, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक, बाहेरच्या थरातच आहेत. शेकडा ०.३ अंश लँथॅनम घातले तर त्या अख्ख्या कणाच्या वाट्याला सरासरी ४७ अणू येतात. वडीतल्या मोठ्या कणात जो इलेक्ट्रॉनविरहित थर केवळ कडेला असतो, तो येथे कणाला मध्यापर्यंत व्यापू शकतो, आणि सर्व इलेक्ट्रॉन सीमेवर अडकून आत वाहक असा कोणी उरत नाही. शिवाय इतक्या लहान कणांत कोष्ठिकेचे एका दिशेतले ताणलेपण मावळत जाते. क्ष-किरणांच्या आलेखावर ४५ अंशांपाशी दुभंगलेले जे शिखर दिसावयास हवे ते एकजीव होऊन येते, ध्रुवण दुबळे पडते, आणि त्याबरोबर रोधाची उसळीही मंदावते. कणाच्या गाभ्यात काय आणि सीमेवर काय चालले आहे हे निवडून सांगणारे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे प्रतिबाधेचे मापन होय: प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता बदलत गेल्यास उच्च वारंवारतेला गाभा आणि नीच वारंवारतेला सीमा आपापला अर्धवर्तुळाकार चाप उमटवतात. एकटा एकदिश रोध मोजून नॅनोकणांच्या डोपिंगविषयी निष्कर्ष काढणारे लेखन मी संशयानेच वाचतो.

सीमा ही सर्वत्र अडचणच असते असे मात्र मुळीच नाही. लँथॅनम मँगॅनेटमध्ये लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले असता एक प्रभार उणा पडतो आणि काही मँगॅनीज आयन तीन धन प्रभारांवरून चारवर जातात. त्यांच्यामधून ऑक्सिजनच्या वाटेने इलेक्ट्रॉन सरकतो आणि सरकताना शेजाऱ्यांचे चुंबकत्व एका दिशेस वळवतो. योंकर आणि फान सान्टेन यांनी १९५० साली आइंडहोव्हन येथे हे पदार्थ अभ्यासले, झीनरने पुढच्याच वर्षी कारण सांगितले. या पदार्थाच्या बारीक कणांत इलेक्ट्रॉनाला एका कणातून दुसऱ्यात जाताना सीमा ओलांडावी लागते, आणि दोन्ही कणांचे चुंबकत्व जुळले तरच ती ओलांडणे सुकर होते. परिणामी अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्रानेही रोध लक्षणीय रीतीने उतरतो. एकसंध स्फटिकात क्षीण असलेला हा गुण सीमांच्या योगानेच प्राप्त होतो.

बेरियम टायटॅनेटच्या वडीत लँथॅनमच्या जोडीला यत्किंचित मँगॅनीज घालण्याचा शिरस्ता आहे, कारण तो सीमेवर इलेक्ट्रॉन पकडून उसळी तीव्र करतो. कणांचे आकारमान शंभर नॅनोमीटरच्या खाली नेल्यावर हाच मँगॅनीज सीमेवर थांबतो की गाभ्यात शिरून लँथॅनमच्या इलेक्ट्रॉनांनाच गिळून टाकतो, हा सध्या माझ्यापुढचा प्रश्न आहे; थंड होण्याची गती बदलत प्रत्येक वडीचे प्रतिबाधेचे चाप घेण्याचे काम त्यासाठी चालू आहे, आणि आतापावेतो हाती आलेल्या चापांत सीमेचा चाप वाढतो आहे, गाभ्याचा मात्र जागचा हललेला नाही.