मिश्र दुहेरी

एकेरी खेळणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे, जिव्हाळा नाही. तो जिंकला तर एकटा जिंकतो, हरला तर एकटा हरतो, आणि हरल्यावर रॅकेट आपटायची झाली तर तीही त्याची स्वतःचीच असते. संसारी माणसानं यातून काय घ्यायचं? दुहेरीचं तसं नाही. दुहेरीत चूक कुणाची हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहतो. वीस फूट रुंदीचं कोर्ट, त्यात दोन धडधाकट माणसं रॅकेट परजून उभी, आणि सोळा पिसांचं, अर्ध्या तोळ्याचं ते फूल बरोब्बर दोघांच्या मधोमध येऊन पडतं. दोघं आधी फुलाकडे बघतात, मग एकमेकांकडे. आमच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेल्यावर नेमकं हेच दृश्य असतं. "मला वाटलं, तुम्ही बघताय." "मला वाटलं, तू बघत्येस." दूध मधोमध पडलेलं.

त्यातही मिश्र दुहेरी हा प्रकार ज्यानं काढला तो गृहस्थ नक्की विवाहित असणार. बाईनं जाळ्याशी उभं राहायचं, पुरुषानं मागं. येईल ते बाईनं पुढच्या पुढं मिटवायचं आणि तिच्या डोक्यावरून निसटेल त्याच्यामागं पुरुषानं घाम गाळत धावायचं. प्रतिपक्षाचा मारा मात्र बहुतेक बाईवरच. शिवाय त्या वेळी तिची पाठ नवऱ्याकडे, म्हणजे आपलं, जोडीदाराकडे असते. मागं तो काय चेहरे करतोय हे तिला दिसत नाही. हा नियम लिहिलेला नाही, पण खेळ टिकून राहिलाय तो त्याच्यावरच.

(या खेळाला एके काळी इंग्रज लोक 'पूना' म्हणायचे. 1870 च्या सुमारास पुण्याच्या छावणीत तो रुजला. पुढं बॅडमिंटन नावाच्या विलायती वाड्याचं नाव त्याला चिकटलं. पुण्यात ही गोष्ट कुणाला सांगितली तर "हे आम्हांला ठाऊक होतं" असं उत्तर येतं. असो.)

मला सांगायचंय ते कोरियातल्या किम दोंग-मून आणि रा क्युंग-मिन यांच्याविषयी. कोरियन लोक आपल्या शाळेतल्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी घेतात, तेव्हा हे किमांचे चिरंजीव आणि ती रांची कन्या.

दोघांची गाठ पडली ती जाळ्याच्या दोन बाजूंना. 1996 सालचं अटलांटा ऑलिंपिक. मिश्र दुहेरीला ऑलिंपिकात पहिल्यांदाच पाटावर बसवलेलं. अंतिम सामना कोरिया विरुद्ध कोरिया! एका बाजूला पार्क जू-बोंग. म्हणजे दुहेरीतले भीष्माचार्य. 1992 साली बार्सिलोनात किम मून-सूच्या जोडीनं सुवर्णपदक मिळवून हे गृहस्थ निवृत्त झाले होते. मिश्र दुहेरी आली म्हटल्यावर पुन्हा रॅकेट घेऊन उभे राहिले. वय 31. त्यांच्या जोडीला ही रा, 19 वर्षांची. समोर 20 वर्षांचा किम आणि त्याच्याहून थोरली, मुरलेली गिल यंग-आ. पहिला गेम पार्क-रा जोडीनं घेतला. पुढचे दोन्ही किमनं आणि गिलनं. तिसरा 15-12. किमला सुवर्ण, राला रौप्य.

आता एखाद्या मुलीच्या हातातलं सोन्याचं पदक ज्यानं काढून घेतलं, त्याच मुलाबरोबर तिला खेळायला सांगायचं, याला कोरियात प्रशिक्षण म्हणतात. आपल्याकडे याला 'स्थळ सुचवणं' म्हणतात. ही जोडी जमली आणि अशी जमली की बाकीच्या जोड्यांनी हात टेकले. 1999 साली कोपनहेगनला जागतिक विजेतेपद. 2003 साली बर्मिंगहॅमला पुन्हा. बँकॉक आणि बुसान, लागोपाठ दोन एशियाडची सुवर्णपदकं. ऑल इंग्लंड स्पर्धा 1998, 2000, 2002, 2004 अशी एक वर्षाआड, आमच्या नळाला पाणी येतं त्या बेतानं. पण आमच्यापेक्षा वक्तशीर. 2003 आणि 2004 मध्ये तर ओळीनं 14 स्पर्धा या दोघांनी जिंकल्या. तेव्हा गुणही असे फुकट मिळत नसत. सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण, नाहीतर नुसतीच मेहनत. ही पद्धत 2006 साली बदलली. संसारात अजून जुनीच चालू आहे.

पण ऑलिंपिक!

2000 साली सिडनीत उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या झांग जून आणि गाओ लिंग यांनी दोघांना घरी पाठवलं. घरी म्हणजे तसं नाही. कारण किमला पुरुष दुहेरी खेळायची होती. तिथं त्यानं हा ते-क्वॉनच्या जोडीनं ब्राँझ मिळवलं. रा महिला दुहेरीत ब्राँझच्या सामन्यापर्यंत आली आणि हरली. समोरच्या दोघींमध्ये एक कोण? तीच गाओ लिंग. एकाच गावात, एकाच स्पर्धेत, त्याच बाईनं दोनदा अडवावं! आपल्याकडे असतं तर साडेसाती बघायला कुणीतरी पत्रिका मागवली असती.

मग 2004, अथेन्स. पहिलं मानांकन. मागं चार वर्षांची तयारी आणि त्या 14 स्पर्धा. यावेळी पदकाचा रंगसुद्धा ठरल्यासारखा होता. उपांत्यपूर्व फेरीत समोर डेन्मार्कचे योनास रासमुसन आणि रिक्के ओल्सेन. ही मंडळी काही अजिंक्य नव्हती. पुढं त्यांना ब्राँझसुद्धा मिळालं नाही. त्यांनी किम आणि रा यांना सरळ दोन गेममध्ये हरवलं. आपल्याकडची वर्तमानपत्रं त्या आठवड्यात राज्यवर्धन राठोड यांच्या रौप्यपदकानं भरलेली होती, आणि ते योग्यच होतं. पण आतल्या पानावर जिथं निकाल मुंगीच्या अक्षरात छापतात, तिथं ती एक ओळ मी तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "अहो, पण ती दोघं एकमेकांशी भांडली का?"

हे काही त्या ओळीत छापलेलं नव्हतं. ही म्हणाली, "मग ठीक आहे," आणि कणीक मळायला गेली.

बायकांना क्रीडापानातलं नेमकं काय वाचायचं ते कळतं. कारण मजा पुढंच आहे. त्याच अथेन्समध्ये किमनं हा ते-क्वॉनच्या साथीनं पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. रानं ली क्युंग-वॉनच्या साथीनं महिला दुहेरीचं ब्राँझ. म्हणजे हिशेब मांडला तर किमची ऑलिंपिक पदकं तीन, राची दोन. आणि त्या पाचांपैकी एकही दोघांनी मिळून जिंकलेलं नाही. जगात कुणालाही हरवू शकणारी जोडी, आणि दर चार वर्षांनी येणाऱ्या त्या एका आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभी असतानाच यांना पदक मिळणार. मी एखाद्याला हे सांगतो तेव्हा तो हटकून विचारतो, "मग जोडी मोडली असेल?"

2005 साली दोघांनी लग्न केलं.

लग्नानंतर ती 'रा'च राहिली. कोरियात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळं रेशनकार्ड, बँकपुस्तक वगैरे भानगडी वाचतात. मला मात्र त्यांच्या घरातल्या कपाटाची काळजी लागून राहिली आहे. पदकं ते कुठं ठेवतात मला माहीत नाही, पण समजा एकाच कपाटात ठेवत असतील, तर एकाच अंतिम सामन्याचं सुवर्ण आणि रौप्य शेजारी शेजारी! तिसऱ्या गेममधला तो तीन गुणांचा फरक काचेआड मांडून ठेवलेला. पाहुणे आले की विचारणारच, "हे कुणाचं? आणि हे?" आमच्याकडे 1982 साली माझ्या मामेसासऱ्यांनी कॅरममध्ये मला हरवलं, त्याचा उल्लेख दर दिवाळीला होतो. इथं तर ऑलिंपिक! शिवाय भांडणात "तुम्ही माझं पदक घेतलंत" हे वाक्य त्या बाईंना कायमचं हाताशी. कुठल्याही नवऱ्याला याला उत्तर नाही. आणि ते वाक्य खरंच वापरलं जात असेल का? मला वाटतं, नसेल. सिडनी आणि अथेन्स दोन्ही जिनं पाठीमागं न बघता त्याच्याबरोबर सोसलं, तिला अटलांटा उगाळायची गरज नसावी. हा आपला माझा अंदाज.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर कोरियाच्या सुवर्णविजेत्या आन से-यंगनं आपल्याच बॅडमिंटन संघटनेविरुद्ध जाहीर तक्रार केली आणि मोठा गदारोळ उठला. पाठोपाठ जानेवारी 2025 मध्ये संघटनेची निवडणूक झाली, तीत किम दोंग-मून अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्याच वर्षी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून पार्क जू-बोंग आले. मधली वीस वर्षं ते जपानी मंडळींना घडवत होते. म्हणजे रा क्युंग-मिनचा नवरा अध्यक्ष आणि जुना जोडीदार प्रशिक्षक. बैठकीत दोघांचं पटलं नाही तर अटलांटाचा खरा साक्षीदार अध्यक्षांच्या घरीच आहे. ही बातमीही मी हिला वाचून दाखवली.

"अध्यक्ष झाला म्हणजे आता घरी उशिरा येणार," ही म्हणाली. "तुमचं वाचून झालं असेल तर दुधाकडे बघा."