उतार गिअरमध्येच उतरायचा

हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं झालं आणि वयाची वीस वर्षं पूर्ण झाली, की जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स निघतं. माझं निघालं तेव्हा मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून चाकणला कास्टिंग नेणाऱ्या दहा चाकी गाडीवर क्लीनर होतो. ड्रायव्हर आमच्याच गावाकडचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. आता स्टिअरिंग हातात येणार, या आनंदात मी होतो आणि मामांनी पहिला धडा दिला तो केबिनमधून खाली उतरण्याचा.

"उडी मारायची नाही. तोंड गाडीकडं, पाठ रस्त्याकडं. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला पायजे."

मला हसू आलं. पण वजनकाटा, गेटपास, ताडपत्री, टायर असं करत ड्रायव्हरला दिवसभरात कितीदा चढउतार करावी लागते, पावसात त्या पायरीवर चिखल-डिझेलचा कसा थर बसतो, हे बघितल्यावर हसू थांबलं. गुडघा गेला की धंदा गेला.

दुसरा धडा यार्डात. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, चावी मात्र मामांच्या खिशात. "मी गाडीभोवती चालतो. दिसायचा थांबलो की ओरड." ते समोरून बंपरला खेटून जरा वाकून निघाले आणि टोपीसकट गायब झाले. मी ओरडलो. डाव्या दारापाशी पोहोचले, आरशात नाहीत, काचेतूनही नाहीत. पुन्हा ओरडलो. मागच्या फाळक्याशी गेल्यावर तर ते कुठल्या बाजूने परत येणार, याचा अंदाजच लागेना. वर येऊन एवढंच म्हणाले, "चाकणला कंपनी सुटती तेव्हा ह्याच जागांत मोटारसायकली असत्यात." त्या दिवसापासून गाडीभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय मी स्टार्टर मारत नाही. रिव्हर्स घेताना क्लीनर आरशात दिसेनासा झाला, की गाडी जागच्या जागी थांबवतो. त्याचा आवाज ऐकू येत असला तरी.

ही फेरी नुसती बघण्याची नसते. टामीने प्रत्येक टायर ठोकायचा. आवाज बद्द आला की हवा कमी. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का बघायचं, कारण वेगात तो सुटला तर मागच्याची काच फुटते. हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं. इंजिन चालू केल्यावर हवेचा काटा पुरेसा चढेपर्यंत थांबायचं. एअर ब्रेकवाल्या गाडीत हवा म्हणजेच ब्रेक, त्यामुळे इथे घाई चालत नाही.

मग पुढेमागे लाल 'एल' लावून मोकळ्या रस्त्यावर सराव सुरू झाला. मामा शेजारी. हायवेवर आल्यावर खरी परीक्षा उताराची. कोल्हापूरहून पुण्याकडे येताना किणी, तासवडे, आणेवाडी हे टोलनाके मागे पडतात, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढची वळणं येतात, आणि खेड-शिवापूरनंतर कात्रजचा नवा बोगदा. बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकच्या धडकेने सुरू झालेल्या अपघातात चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं. त्याच्या आधीही तिथे अपघात होत होते, नंतरही झाले.

डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही लायनीवरची जुनी खोड. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. कास्टिंगसारखा जड माल मागून ढकलत असतो. लायनर तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी दबत नाही. घाबरून पेडल पुन्हापुन्हा मारलं तर हवाही उतरते. वर गंमत अशी, की आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे बचतही खोटी. बोगदा सुटायच्या आधीच मामा मला खालचा गिअर टाकायला लावत आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू करायला सांगत. "उतार सुरू झाल्यावर गिअर शोधायचा नाही. ज्या गिअरात चढ चढशील, त्याच गिअरात उतर."

आरामाच्या गोष्टी मामा सुरक्षेच्या गोष्टींत मिसळूनच सांगत. रात्री मटणाचं ताट नको. भाकरी, पिठलं, कांदा खा. लघवीला थांबावं लागतं म्हणून पाणी कमी प्यायचं नाही, नाहीतर मुतखडा ठरलेला. कमरेमागे घडी घातलेली चादर ठेवायची. उन्हाळ्यात गाडीखालच्या सावलीत कधीही झोपायचं नाही. रात्री गाडी लावायची ती पेट्रोलपंपाच्या उजेडात, तिथे डिझेलचोरही जवळ येत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आमची गाडी जुनी, त्यामुळे गळ्यात ओला पंचा हाच आमचा एसी.

सगळ्यात कडक नियम झोपेचा. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागतोच, मग तोंडात तंबाखू असो की हातात चहा. त्यात कारखान्यांचा हंगाम असला, की कराड-साताऱ्याच्या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर, आणि मागे लाल दिवा असेलच याचा भरवसा नाही. तशा वेळी पेंगुळलेल्या ड्रायव्हरला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. एकदा आणेवाडीच्या अलीकडे मामांनी गाडी पंपावर घेतली. मालकाचा फोन आला, माल सकाळी पोहोचायलाच हवा. मामा म्हणाले, "पोचंल. दोन तास उशिरा पोचंल," आणि आडवे झाले. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, असं तो सांगायचा. तो कायदा मला पुस्तकात नंतर सापडला. पाळताना मी मामांनाच पाहिलं.

आता मी स्वतः गाडी चालवतो. या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच, की उस्ताद निवडताना तो किती वेगात पोहोचतो हे बघू नका, झोप आल्यावर गाडी थांबवतो का ते बघा. आणि कारवाल्यांना विनंती आहे. नवले पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक रेंगाळतोय असं वाटलं तर हॉर्न वाजवू नका, त्याच्यापुढे आडवेही घुसू नका. तो गिअरमध्ये उतरतोय. त्याला तसाच उतरू द्या.